गमेलान बेसूर नाहीये, ट्यूनर ॲप चुकीच्या जागी लावलंय

मा. संपादक, रविवार पुरवणी,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत मध्यंतरी जावा आणि बालीच्या प्रवासावर लेख आला होता. लेख एकंदर झकास, बोरोबुदुर, प्रम्बानन, खाणंपिणं सगळं मस्त लिहिलंय, पण त्यात गमेलानवर, म्हणजे तिकडच्या काशाच्या पट्ट्या, वाट्या आणि गाँग यांच्या वाद्यसंचावर, जो एक परिच्छेद आहे तो वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. लेखकाने तिथे मोबाइलवर ट्यूनर ॲप उघडलं, एकेक पट्टी वाजवून बघितली, आणि एकही सूर 'बरोबर' निघाला नाही, मग निष्कर्ष काय तर यांच्याकडे शास्त्रशुद्ध ट्यूनिंग नाही, साधारण आपला भूपच आहे पण जरा वाकडा लागलाय. त्यावर पुढच्या रविवारी एका वाचकाचं पत्र आलं की छे छे, शास्त्र आहे की, सप्तकाचे पाच समान भाग, प्रत्येकी 240 सेंट (सेंट म्हणजे सुरांमधलं अंतर मोजायचं माप, एका सप्तकात 1200), इंग्रजांनी 1885 सालीच मोजून ठेवलंय. म्हणजे एकाने नापास केलं आणि दुसऱ्याने ग्रेस मार्क देऊन पास केलं, पेपर मात्र दोघांनीही एकाच उत्तरपत्रिकेवरून तपासला.

मी मिरजेत पेट्या दुरुस्त करतो, रीड घासून सूर लावून देणं हा धंदा आहे. संगीतशास्त्राचा पदवीधर वगैरे नाही, पण सूर 'लागला' म्हणजे काय या प्रश्नावर माझं पोट चालतं त्यामुळे या विषयात थोडं वाचलंय आणि गमेलान भरपूर ऐकलंय.

आधी त्या ॲपचं बघू. ॲपला जगात फक्त 12 सूर माहिती असतात, 440 हर्ट्झचा ए धरून सप्तकाचे 12 सारखे तुकडे, एकेक तुकडा 100 सेंटचा. तुम्ही काहीही वाजवा, ते सगळ्यात जवळचा तुकडा शोधणार आणि त्यापासून तुम्ही किती लांब आहात ते सांगणार. आता हेच ॲप घेऊन छान जुळलेल्या तानपुऱ्याजवळ बसा. खर्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप ऐकू येतो तो 386 सेंटवर असतो, ॲपचा गंधार 400 वर. म्हणजे ॲप म्हणणार गंधार 14 सेंट उतरलाय. आता तानपुरा बेसूर आहे म्हणून कुणी पुरवणीत लेख लिहील का? नाही लिहिणार, कारण तानपुरा आपला आहे.

सेंट ही भानगड काढली अलेक्झांडर एलिस या इंग्रज माणसाने. हेल्महोल्ट्झचा ध्वनिशास्त्रावरचा जर्मन ग्रंथ इंग्रजीत आणणारे तेच. 1882 मध्ये लंडनला एक जावाचा गमेलान आला होता, त्याची वाद्यं एलिसनी मोजली, सोबत अल्फ्रेड हिपकिन्स होते जे ब्रॉडवुड पियानो कंपनीत ट्यूनिंगचं काम केलेले (इथे धंद्यातला माणूस म्हणून माझा हात आपोआप टोपीकडे जातो, कारण मोजमाप एलिसचं असलं तरी कान हिपकिन्सचा होता). आणि 1885 च्या त्यांच्या निबंधात 240 चा आकडा खरंच आहे, 1200 भागिले 5, स्लेन्द्रो नावाच्या पाच सुरांच्या सप्तकाचं साधारण वर्णन म्हणून. पण पत्रलेखकाने निबंधाचा शेवट वाचलेला दिसत नाही. एलिसनी अरबस्तान, भारत, चीन, जपान, सयाम, जावा असं सगळीकडचं मोजून जो निष्कर्ष काढला तो असा की जगात निसर्गाने ठरवून दिलेलं एकच सप्तक असं काही नाही, माणसांनी आपापल्या परीने नाना प्रकारची केलीत. हे व्हिक्टोरिया राणीच्या काळात लंडनमध्ये बसून एक इंग्रज माणूस म्हणतोय. त्याची मोजपट्टी आपण उचलली आणि तो काय म्हणाला ते तिथेच ठेवून आलो.

आता प्रत्यक्षात स्लेन्द्रोचे पाच टप्पे 240-240 निघतात का? नाही निघत. 1960 च्या दशकाच्या शेवटी योग्यकर्ताच्या गाजा मादा विद्यापीठातल्या वासिस्तो सुरजोदिनिंग्रात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी योग्यकर्ता आणि सुराकर्ता इथल्या नावाजलेल्या गमेलानांची इलेक्ट्रॉनिक यंत्राने व्यवस्थित मोजणी केली, जावाच्याच लोकांनी केलेली मोजणी आहे ही. त्यात कुठला टप्पा 220-225 च्या आसपास, कुठला 260 च्या वर, आणि कुठला लहान कुठला मोठा हे प्रत्येक गमेलानात वेगळं. सगळ्यांची सरासरी काढली की 240 च्या आसपास येणारच, पाचांची बेरीज जर 1200 च्या जवळ आहे तर दुसरं काय येणार! दुसरं सप्तक पेलोग, त्यात सात सूर, टप्पे एकदम असमान, काही शंभराच्या जरा वर तर काही अडीचशेच्या पुढे, आणि त्या सातातले बहुतेक वेळा पाचच सूर मुख्य धरून रचना चालते. त्याला तर कुठलाच सोपा भागाकार लागू पडत नाही.

तरी लोकांनी लावायचा प्रयत्न केलाच. ऑस्ट्रियन विद्वान हॉर्नबोस्टेल यांनी सिद्धांत मांडला की बांबूच्या बंद नळीत जोरात फुंकलं की जो वरचा सूर निघतो त्यावरून जो पंचम मिळतो तो 702 सेंटचा शुद्ध पंचम नसून 678 चा, आणि असे पंचम एकापुढे एक रचत गेलं की त्यातून स्लेन्द्रो पण निघतं, पेलोग पण निघतं आणि जगातली आणखी बरीच सप्तकं निघतात. त्या सिद्धांताला जावामध्ये मोठा आधार दिला याप कुन्स्ट यांनी. हे डच गृहस्थ 1919 मध्ये व्हायोलिनवादक म्हणून तिघांची मंडळी घेऊन दौऱ्यावर गेले आणि गमेलान ऐकून तिथेच राहिले, 1934 मध्ये जावाच्या संगीतावर त्यांचा जाडजूड ग्रंथ आला, आजही त्याला तोड नाही कारण माणसाने गावोगाव फिरून वाद्यं मोजलीत. पण मोजमाप सोन्यासारखं आणि सिद्धांत मात्र उसना. 1930 च्या दशकातच बुकोफ्झर नावाच्या अभ्यासकाने दाखवून दिलं की नळ्या काही सगळ्या मिळून 678 देत नाहीत, नळीनुसार आणि फुंकरीनुसार वेगवेगळं येतं. झालं, मुळातला आकडाच गेला तर वरची माडी कशी राहणार. तिकडे पश्चिम जावाच्या सुंदा भागातले कुसुमादिनाता यांनी सप्तकाचे 17 समान भाग करून आपलं संगीत बसवायचा प्रयत्न केला, म्हणजे भागाकाराचा हा मोह फक्त गोऱ्यांनाच होता असंही नाही.

मग गमेलानचा सूर लावतात तरी कसा? इथे मला खरी मजा येते.

जावामध्ये गमेलान घडवणाऱ्या कारागिराला पांडे म्हणतात. चांगला गमेलान काशाचा, दहा भाग तांबं तीन भाग कथील असं प्रमाण धरतात. वितळवून ओतायचं मग तापवून तापवून ठोकायचं. पट्टीचा सूर लावायला कानस. पट्टीच्या टोकाकडे घासलं की सूर चढतो, मधे पोटाकडून घासलं की उतरतो. पेटीच्या रीडला पण आम्ही असंच करतो, शेंड्याला घासलं की चढतो, बुडाशी घासलं की उतरतो, फक्त आमचं रीड एका बाजूला रिवेट मारून पक्कं असतं आणि त्यांची पट्टी दोन ठिकाणी टेकवलेली किंवा दोरीवर टांगलेली. आणि ते नवं कासं लगेच स्वस्थ बसत नाही, ठोकलेल्या धातूतला ताण हळूहळू मोकळा होत जातो, सूर वर्षानुवर्षं सरकत राहतो, त्यामुळे नवा गमेलान पुन्हा पुन्हा लावून घ्यावा लागतो.

पण कुठल्या सुरात लावायचा? तर बाहेरचं असं कुठलं 440 नाहीच मुळी. कारागीर एखादा गाजलेला गमेलान कानात ठेवतो किंवा मालकाला जसा हवा तसा करतो. सुराकर्ताच्या मंकुनगरन राजवाड्यातला क्याई कान्युत मेसेम हा असा एक फार नावाजलेला गमेलान, त्याच्यावरून लावलेले बरेच आहेत. क्याई म्हणजे थोर माणसाला लावतात ते संबोधन, गमेलानला पण लावतात, योग्यकर्ताचे सेकातेनच्या उत्सवात वाजणारे दोन गमेलान आहेत क्याई गुंतुर मादु आणि क्याई नागाविलागा. प्रत्येक गमेलानच्या टप्प्यांची जी आपली आपली ठेवण असते तिला ते एम्बात म्हणतात, आणि जाणकार ऐकून सांगतो याचा एम्बात असा आहे, त्याच्यावर अमुक रचना खुलते. एका गमेलानची पट्टी काढून दुसऱ्यात बसवता येत नाही. अख्खा संच एक वाद्य आहे. आता सांगा, जिथे दोन संच सारखे नसणं हा दोष नसून ओळख आहे तिथे 'स्टँडर्डपासून किती सेंट चुकला' हा प्रश्न कुणाला विचारायचा?

आणि एकाच संचातही गंमत असते. स्लेन्द्रो आणि पेलोग दोन्ही वाद्यं असलेल्या मोठ्या गमेलानात दोन्हीत एक सूर सामाईक ठेवायची पद्धत आहे, त्याला तुम्बुक म्हणतात, बहुधा त्यांच्या मोजणीतला 6 नाहीतर 5 आकड्याचा सूर. बाकीचे सूर एकमेकांच्या शेजारून जातात पण जुळत नाहीत. बऱ्याच गमेलानात सप्तक पण 1200 वर बंद होत नाही, जरा ताणलेलं असतं, वरचा सा आपल्या हिशोबाने चढा. त्यात पुन्हा रबाब (तिकडचं गजाने वाजवायचं तारवाद्य) आणि गाणारी सिंधेन, यांना पट्टीचं बंधन नाही, काही ठिकाणी त्या मुद्दाम पट्टीपासून वेगळा सूर घेतात, खाली सारोनवर, म्हणजे धातूच्या पट्ट्यांच्या वाद्यावर, स्लेन्द्रो चाललंय आणि वर गळा भलत्याच सुरावर जाऊन करुण काहीतरी करतोय. पहिल्यांदा ऐकताना मलाही वाटलं हे काय, मग चार वेळा ऐकल्यावर कळलं की सगळा जीव तिथेच आहे.

बालीची गोष्ट तर आमच्या धंद्याला उलटी करून टाकणारी आहे. पेटी लावताना दोन रीड एका सुरात आणायचे म्हणजे दोघांमधले बीट्स घालवायचे, तो वाँव-वाँव डोल मंद होत होत बंद पडला की सूर मिळाला. बालीत वाद्यं जोडीने असतात, आणि जोडीतलं एक दुसऱ्यापेक्षा मुद्दाम किंचित चढं लावतात, उतरं ते पेंगुम्बांग आणि चढं ते पेंगिसेप, दोन्ही एकत्र वाजले की सूर थरथरतो. त्या थरथरीला ओम्बाक म्हणजे लाट म्हणतात, सेकंदाला साधारण 5 ते 10 च्या दरम्यान. त्यांच्या मते ओम्बाक नसेल तर सूर मेलेला.

लेखकाने बालीत एकच पट्टी ॲपसमोर धरली असणार. म्हणजे अर्धाच सूर मोजला!

आणि हा ओम्बाक वरच्या सप्तकात काय आणि खालच्या सप्तकात काय, साधारण एकाच वेगाचा ठेवायचा असतो. आता याचा सेंटमध्ये हिशोब करून बघा. समजा ओम्बाक सेकंदाला 7. खालची पट्टी 280 हर्ट्झ तर तिची जोडीदार 287, फरक होतो जवळजवळ 43 सेंट. त्याच सुराची दोन सप्तकं वरची पट्टी 1120, जोडीदार 1127, फरक फक्त 11 सेंटच्या आसपास. सेंटच्या तक्त्यात बघणारा म्हणेल काय गोंधळ आहे, खाली 43 चुकले वर 11 चुकले, यांना एकसारखं लावताच येत नाही. आणि कारागिराने तर तंतोतंत एकसारखं लावलंय, फक्त तो लाटा मोजतोय आणि तुम्ही सेंट मोजताय. या एका उदाहरणात मला वाटतं सगळा वाद येऊन जातो. सेंट खोटे नाहीत, पण सेंट कशासाठी बनवले होते, तर टप्प्यांचं प्रमाण मोजायला, आणि ओम्बाकचा जीव प्रमाणात नाही, वजाबाकीत आहे.

आता कुणी म्हणेल की तू पाश्चात्त्य शास्त्राच्याच विरोधात आहेस. अजिबात नाही. उलट तेच शास्त्र नीट वापरलं तर काय निघतं ते बघा. 2:1 चं सप्तक, 3:2 चा पंचम, 5:4 चा गंधार हे सगळं आलं कुठून? तारेतून आणि नळीतून. तार छेडली की मूळ सुराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनं पण निघतात, त्यामुळे दोन तारा 3:2 मध्ये लावल्या की त्यांची वरची कंपनं एकमेकांवर बसतात आणि कानाला गोड लागतं. पण धातूची पट्टी तशी वाजतच नाही. सरळ एकसारखी पट्टी घेतली तर तिची वरची कंपनं मूळ सुराच्या 2.76 पट, 5.40 पट अशी येतात. गाँग आणि बोनांगच्या वाट्यांचं आणखी वेगळं. मग तारेच्या हिशोबाने काढलेला गोडवा पट्टीवर लागू कसा होणार? 1965 मध्ये प्लोम्प आणि लेव्हेल्ट या दोन डच शास्त्रज्ञांनी दाखवलं की दोन कंपनं एकमेकांच्या फार जवळ आली की कानाला खरखर वाटते, लांब गेली की वाटत नाही. यावरून अमेरिकेतल्या विल्यम सेथारेस या इंजिनिअर माणसाने 1993 मध्ये गणित मांडलं की कुठल्याही वाद्याची वरची कंपनं माहिती असली तर त्या वाद्याला कुठले टप्पे गोड लागतील ते काढता येतं, आणि बोनांगचा आवाज अधिक रबाब किंवा गळ्यासारखा तारेच्या जातीचा आवाज असं दोन्ही एकत्र धरलं तर स्लेन्द्रोच्या जवळ जाणारे टप्पे निघतात, सारोनच्या पट्ट्यांची कंपनं धरली तर पेलोगच्या जवळचे. अलीकडे 2024 मध्ये केंब्रिज, प्रिन्स्टन आणि जर्मनीच्या माक्स प्लांक संस्थेतल्या मंडळींनी अमेरिका आणि दक्षिण कोरियातल्या 4 हजारांहून जास्त लोकांना वेगवेगळे आवाज ऐकवून कुठली जोडी गोड वाटते ते विचारलं, त्यात बोनांगसारखा आवाज ऐकवला तेव्हा लोकांची पसंती पाश्चात्त्य टप्प्यांवरून हलली आणि स्लेन्द्रोच्या बाजूला गेली. ऐकणारे कुणी जावाचे नव्हते. म्हणजे कान तोच, वाद्य बदललं की गोड काय ते बदलतं. माझ्या मते हे गेल्या शंभर वर्षातलं या विषयातलं सगळ्यात मोठं काम आहे, आणि ते पाश्चात्त्य विद्यापीठातच झालंय.

तरी त्यानेही सगळं सुटतं असं नाही. सेथारेसचं गणित तुम्हाला साधारण मोहल्ल्यापर्यंत नेतं, क्याई कान्युत मेसेमचा एम्बात शेजारच्या गमेलानपेक्षा वेगळा का हे त्यातून निघत नाही. ते कारागिराने आणि मालकाने ठरवलेलं असतं, आवड म्हणून.

हे सगळं मिरजेत बसून मी इतक्या हिरिरीने का लिहितोय? कारण हाच प्रकार आमच्या दारात घडून गेलाय. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांना गायला बसवून तारेवर सूर मोजले आणि 22 श्रुतींची प्रमाणं पक्की केल्याचं जाहीर केलं, 1910 मध्ये त्यांचं पुस्तक आलं. मग क्लेमेंट्स नावाचे आयसीएस जज्जसाहेब त्यात आले, 1913 मध्ये त्यांचं पुस्तक, आणि त्या हिशोबाची श्रुतीपेटी पण बनवून घेतली. 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ही पेटी आली तेव्हा भातखंड्यांचा त्याला विरोध, आणि वाद चांगलाच रंगला. देवलांची कळकळ खरी होती, त्यांना दाखवायचं होतं की आपलं संगीत पण गणिती आहे, शास्त्रशुद्ध आहे, इंग्रजांच्या पट्टीवर पण खरं उतरतं. तुमच्या पत्रलेखकाची 240 ची कळकळ अगदी याच जातीची आहे म्हणून मला त्याचा राग येत नाही. पण 1963 मध्ये नझीर जैराझभॉय आणि स्टोन यांनी मोठमोठ्या कलाकारांच्या वादनाची मोजणी केली तेव्हा दिसलं की एकाच रागातला तोच सूर कलाकारागणिक बदलतो, आणि एकाच मैफिलीत तोच कलाकार तो सूर थोडा इकडे तिकडे लावतो. ठरलेल्या श्रुतीवर बोट ठेवून कुणीच बसलेलं नाही.

आणि उलट्या बाजूने पण झालंच की. पेटीचे 12 सूर आपल्या गाण्याला चालत नाहीत म्हणून 1940 साली रेडिओने पेटीच बंद केली, ती पार 1971 पर्यंत. आमच्या धंद्यातल्या मागच्या पिढीने त्याचे चटके सोसलेत. म्हणजे एका टोकाला 22 खुंट्या ठोकणारे आणि दुसऱ्या टोकाला पेटी हद्दपार करणारे, मधे गाणारे लोक आपले निवांत गातायत, आणि पेटीवाला साथीला बसून जिथे सूर जुळत नाही तिथे बोट उचलतोय. आजही गायक येतात, कुणी म्हणतो गांधार ट्यूनिंग करून द्या, कुणी म्हणतो नेहमीसारखी समान सुरांची ठेवा, ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी तर 22 श्रुतींची पेटी बनवलीय. ज्याला जे हवं ते. पण कुणी येऊन म्हणालं की तुमच्या खाँसाहेबांचा गंधार ॲपमध्ये चुकीचा दिसतो तर मिरजेत त्याला चहा मिळणार नाही.

इंडोनेशियाच्या लोकांनी स्वतः पाश्चात्त्य ट्यूनिंग उचललंच नाही असं मात्र समजू नका. बांडुंगच्या दाएंग सुतिग्ना यांनी 1938 मध्ये बांबूचं अंगक्लुंग पाश्चात्त्य सप्तकात बसवलं, त्यामुळे ते शाळाशाळांत गेलं, आज पर्यटक ऐकतात ते बहुतेक तेच, आणि जुन्या पाच सुरांचं गावातलं अंगक्लुंग मागे पडलं. फायदा झाला आणि तोटा पण झाला, पण निर्णय त्यांचा होता. तसंच अमेरिकेत लू हॅरिसन या संगीतकाराने 1971 च्या सुमारास विल्यम कॉलविगबरोबर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, पाइप, डबे असलं काहीबाही वापरून स्वतःचा गमेलान बांधला आणि तो शुद्ध प्रमाणांत लावला, 3:2, 5:4 वगैरे. ती त्याची आवड, त्याने तो जावाच्या नावावर खपवला नाही, पुढे जावाच्या गुरूंकडे बसून शिकला सुद्धा. याला माझी काहीच हरकत नाही. हरकत आहे ती दुसऱ्याच्या गमेलानला ॲप लावून मार्क देण्याला, आणि त्याहून जास्त त्या हल्लीच्या प्रकाराला की कंप्युटरवर गमेलानचा आवाज घ्यायचा, पिच करेक्शन मारून 12 सुरांत आणायचा, ओम्बाक पुसून टाकायचा आणि मग जाहिरातीच्या संगीतात 'बालीचा फील' म्हणून वापरायचा. त्यात राहतं काय, स्टीलच्या ताटाचा आवाज.

आता भूप. लेखात जे लिहिलंय की स्लेन्द्रो म्हणजे आपला भूप ते बरेच जण म्हणतात, काही जण दुर्गा म्हणतात, इथून तिकडे गेलं असं पण छातीठोक सांगतात. पाच सूर आहेत एवढंच साम्य. भूपात सा ते रे 204, रे ते ग 182, ग ते प 316, प ते ध 182, ध ते वरचा सा 316, असं शुद्ध प्रमाणांत धरलं तर. म्हणजे टप्पे सरळ दोन मापांचे, लहान आणि मोठे, आणि भूपाची सगळी चाल त्या दोन मोठ्या उड्यांवर, ग वरून प वर जाताना जे होतं तोच भूप. स्लेन्द्रोत 316 ची उडी नाहीच, आणि 182 चा टप्पाही नाही, सगळे मधल्या मापाचे. त्यामुळे कुठून सुरू केलं यावर भूप वाटेल, दुर्गा वाटेल, काहीही वाटेल, कारण आपला कान जबरदस्तीने त्यात लहानमोठं शोधतो. शिवाय तिथे तानपुऱ्यासारखा सतत धरलेला सा नाही, कुठल्या सुरावर वजन पडणार ते पाथेत (त्यांची सुरांच्या वापराची पद्धत) ठरवतं आणि मोठा गाँग कुठे पडतो ते ठरवतं.

ऐकायचंच असेल तर वाचकांना एक सोपा रस्ता सांगतो. 1977 मध्ये व्हॉएजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली तीत आपल्या गोव्याच्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे 'जात कहां हो', आणि त्याच तबकडीत योग्यकर्ताच्या पाकु आलामान राजवाड्यातला गमेलान आहे, केतावांग पुष्पवर्ण, स्लेन्द्रोमधली रचना, रॉबर्ट ब्राउन या अमेरिकन अभ्यासकाने 1971 मध्ये रेकॉर्ड केलेली. दोन्ही नेटवर सहज मिळतात. आधी केसरबाई ऐका, मग लगेच पुष्पवर्ण लावा, पहिलं एक मिनिट विचित्र वाटेल कारण कानात अजून तानपुऱ्याचा गंधार असणार. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला वाटणं बंद होतं. ॲप वगैरे काही उघडू नका.

तर संपादक साहेब, मोठा लेख नको, पुढच्या रविवारी एका चौकटीत एवढी दुरुस्ती छापलीत तरी पुरे: गमेलानचे सूर बेसूर नसून प्रत्येक संच आपल्या स्वतःच्या सुरात लावलेला असतो, 240 हा आकडा सरासरीचा आहे नियम नाही, बालीची वाद्यं जोडीने मोजायची असतात, आणि स्लेन्द्रो हा भूप नाही. आणि लेखक महाशय परत बालीला जाणार असतील तर त्यांनी पेंगुम्बांग आणि पेंगिसेप दोन्ही एकदम वाजवायला सांगून त्याचा व्हिडिओ आणावा, लाटा मी मोजून देतो, फुकट.

आपला,
एक पेटीवाला वाचक, मिरज